सव्वाशे किलोंचा फरक

मुलुंड पूर्वेच्या मैत्रेयी सोसायटीत पेडणेकरांची पिकअप आली ती चैत्रातल्या एका गुरुवारी. पुढे पाच माणसांची केबिन, मागे उघडा हौदा, रंग पांढरा. पद्मजा पेडणेकरांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि नारळ फोडायला यजमानांना हाक मारली. यजमान कुठे दिसेनात. मग त्यांचे पाय दिसले. नंदकुमार गाडीच्या बाजूला फरशीवर गाल टेकवून आडवे पडले होते आणि एक डोळा मिटून गाडीकडे बघत होते.

"अहो, नारळ."

"नाकावर पडलीय," नंदकुमार म्हणाले.

"कोण पडलं?"

"गाडी. मागून उचललेली, पुढून झुकलेली. तीन इंच."

"बाबा, सगळ्या पिकअप अशाच असतात," त्यांचा मुलगा केयूर म्हणाला. "मागे माल भरायचा असतो ना, म्हणून कंपनीवालेच मागून उंच ठेवतात. माल टाकला की बसते."

"म्हणजे रिकामी असताना लोकांना नमस्कार घालत हिंडणार?"

नंदकुमारांनी छत्तीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात जमिनी मोजल्या होत्या. निवृत्त झाल्यावर खात्याची मोजणीची साखळी खात्यात राहिली, पण पितळी पट्टीची स्वतःची पाणसळ ते घरी घेऊन आले. तिच्यातला बुडबुडा दोन रेषांच्या मधोमध आला नाही तर त्यांना जेवण जात नसे. सोसायटीत कोणाला तसबीर लावायची असली की नंदकुमारांना बोलवायचं, हे ठरलेलं. त्यांच्या स्वतःच्या घरात पोळपाटसुद्धा डुगडुगत नसे, आणि गौरीच्या हळदीकुंकवाला त्यांनी एकदा पद्मजाबाईंना आरास अर्ध्या बोटाने डावीकडे सरकवायला लावली होती, तेही पाहुण्या दारात उभ्या असताना.

पद्मजाबाईंना गाडीच्या नाकाची काळजी नव्हती. त्यांना माहेरची होती. कुडाळजवळच्या त्यांच्या माहेरी आंब्याची बाग, थोरला भाऊ काशीराम एकटा बघतो. आंब्याच्या दिवसांत त्या तिथे गेल्याला नऊ वर्षं झाली होती. मे महिन्यात एकदा यजमानांची मोजणी निघायची, एकदा केयूरची परीक्षा, मग त्यांचे गुडघे. नंदकुमारांनी शब्द दिला होता की निवृत्त झालो की स्वतःच्या गाडीने नेईन, झाडाखाली बसवीन, आणि येताना सोसायटीसाठी वीस पेट्या घेऊन येऊ. गाडी त्याचसाठी घेतलेली. आता ती दारात उभी होती आणि पद्मजाबाईंची पिशवी भरलेली होती.

"परवा निघू या ना?" त्यांनी विचारलं.

"सरळ झाली की लगेच," नंदकुमार म्हणाले.

घाटकोपरला गाड्यांच्या सामानाचं एक दुकान होतं. तिथल्या सर्वेशने काउंटरवर चार चकत्या मांडल्या. एक इंची, दीड इंची, दोन इंची आणि तीन इंची.

"काका, ही चकती पुढच्या स्प्रिंगच्या डोक्यावर बसते. जेवढी जाड, तेवढं नाक वर."

"मग तीन इंची द्या. तीनच इंच झुकलीय."

"आणि माल भरल्यावर? मागचं बसणार, नाक जाणार आभाळात. लाइट झाडावर पडेल, समोरचे शिव्या घालतील. रिकामी गाडी सरळ करून काय करायचंय तुम्हाला? लोड किती टाकणार ते बोला."

"वीस पेट्या. पेटीचे वीस किलो. चारशे."

"मग चारशे किलो टाका, मागचं किती बसतं ते मोजा आणि या. त्या हिशोबाने चकती देतो. पण एकदा बसवली की परत घेणार नाही हा, आधीच सांगतो."

हा मुलगा नंदकुमारांना फार आवडला. मोजल्याशिवाय माल न विकणारा दुकानदार त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता.

पण चारशे किलो आणायचे कुठून? घरातली पुस्तकं भरली ती एकशेदहा किलो झाली. पाण्याची पिंपं ठेवली तर पाणी हेलकावे खात होतं आणि बुडबुडाही. चार दिवस गेले. काशीरामचा फोन आला.

"गो पद्मे, पयली तोडणी झाली. कधी येतस?"

"गाडी सरळ नाय म्हणतत, दादा."

"सरळ नाय तर वाकडी घेवन ये. रस्तो खय सरळ आसा?"

फोन ठेवला तेव्हा मंगळवारची संध्याकाळ होती आणि सोसायटीच्या भजनी मंडळाच्या बायका खाली जमत होत्या. पद्मजाबाई खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, आम्ही सात जणी आहोत. आम्हीच बसतो हौद्यात. तुम्ही मोजून टाका एकदाचं."

नंदकुमारांनी पाणसळ हातात घेतली. "माणूस हलतो," ते म्हणाले.

"भजनाला बसलेली बाई हलत नाही."

शिडी लावली. दुसऱ्या मजल्यावरच्या सुगंधाबाई पहिल्या चढल्या, कारण त्या सगळीकडे पहिल्या चढतात. त्यांच्यामागून प्रेमाबाई, मग तळमजल्यावरच्या दोघी बहिणी, मग निवृत्त मास्तरीणबाई, मग केयूरची बायको रेवती आणि शेवटी पद्मजाबाई, गुडघ्यांना समजावत. सतरंजी अंथरली, टाळ निघाले. नंदकुमार पाणसळ आणि वही घेऊन त्यांच्या मधोमध उभे राहिले. केयूर खाली टेप धरून बसला.

"आता एकेकीने वजन सांगा," नंदकुमार म्हणाले.

टाळ थांबले.

"कशाला?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"चारशे भरायला हवेत."

"अठ्ठावन्न. लिहा."

"प्रेमाताई?"

"बावन्न. चप्पल काढून."

"चप्पल तुम्ही घालून बसलायत."

"मग साडेबावन्न. नको, बावन्नच लिहा, चप्पल हलकी आहे."

पहिली बहीण पंचावन्न म्हणाली. दुसरीने पहिलीकडे पाहिलं आणि तीही पंचावन्न म्हणाली. मास्तरीणबाईंनी डोळे मिटून आठवलं. "मी शेवटचं केलं ते स्टेशनावरच्या लाल दिव्यांच्या मशिनवर. जाड पुठ्ठ्याचं तिकीट यायचं, मागे भविष्य छापलेलं. एकसष्ट होतं. भविष्यात परदेशगमन होतं."

"ती मशिनं जाऊन किती वर्षं झाली, बाई," प्रेमाबाई म्हणाल्या.

"परदेशगमन तरी कुठे झालंय अजून?"

रेवतीने चौपन्न सांगितलं. राहिल्या पद्मजाबाई.

"लग्नात चव्वेचाळीस होते," त्या म्हणाल्या.

"आत्ताचं."

"गावोगावच्या जमिनी मोजत हिंडलात, बायकोचं वजन ठाऊक नाही तुम्हाला?"

सातही जणी नंदकुमारांकडे बघू लागल्या. नंदकुमारांनी वहीत बघितलं. "अजून पासष्ट हवेत," ते हळूच म्हणाले.

"मग पासष्टच आहे माझं."

बेरीज चारशे भरली. भजन सुरू झालं. मंडळाने त्या दिवशी असा सूर लावला की फाटकाबाहेरून जाणारे दोन गृहस्थ थांबले, हात जोडले आणि प्रसादाची वाट बघत उभे राहिले. केयूरने खालून ओरडून सांगितलं, "दोन इंच बसली, बाबा." नंदकुमारांनी वहीत लिहिलं: भार ४००, दाब २ इंच, उरलेला झुकाव १ इंच. बायकांना इतकी मजा आली होती की मोजणी संपल्यावरही त्या अर्धा तास उतरल्या नाहीत. पद्मजाबाई तेवढ्या उतरल्या आणि त्यांनी चहा हौद्यातच आणून दिला.

दुसऱ्या दिवशी सर्वेशने एक इंची चकती बसवली. पद्मजाबाईंनी भडंग करून डब्यात भरलं. पहाटे निघायचं ठरलं, आणि त्याच संध्याकाळी इमारतीच्या गिलाव्यासाठी सिमेंटच्या गोण्या येऊन पडल्या. प्रत्येक गोणीवर ठसठशीत छापलेलं: ५० किलो.

"आठ गोण्या म्हणजे बरोबर चारशे," नंदकुमार म्हणाले. "एकदा खात्री करून घेऊ."

"बाबा, यार, कशाला? झालंय ना सगळं."

"मोजणी दोनदा करायची असते."

आठ गोण्यांनी हौदा पुरता भरला, पाय ठेवायला जागा उरली नाही. नंदकुमारांनी खालूनच हात लांब करून कडेवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मागे पळाला होता. टेप लावली. गाडीचं नाक अर्धा इंच खाली.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग वही काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि बराच वेळ आकडेमोड केली. चारशे किलो गोण्यांनी मागचं दीड इंच बसलं. चारशे किलो बायकांनी दोन इंच बसलं होतं.

"केयूर," ते म्हणाले, "बायका निदान सव्वापाचशे होत्या."

केयूरने आजूबाजूला पाहिलं. "बाबा, हळू बोला. आणि हे कोणाला सांगू नका. अर्धा इंच आहे, सोडून द्या."

"अर्ध्या इंचाचा प्रश्न नाही. नोंद चुकलीय. सव्वाशे किलोंचा फरक आहे. गोणीवर वजन छापलेलं असतं."

"आणि बायकांवर नसतं, हे चांगलंच आहे."

नंदकुमारांनी ऐकलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी अत्यंत सभ्य भाषेत लिहिलं, की मंगळवारच्या मोजणीत भगिनींच्या एकूण वजनात सव्वाशे किलोंची तफावत आढळली असून, कोणाही एका व्यक्तीकडे बोट दाखवायचं नाही, परंतु फेरमोजणीसाठी सहकार्य करावं.

पहिल्यांदा सुगंधाबाईंनी लिहिलं, "मी माझं खरंच सांगितलं होतं." त्यावर प्रेमाबाईंनी लिहिलं, "म्हणजे बाकीच्यांनी खोटं सांगितलं का?" त्यानंतर तळमजल्यावरच्या धाकट्या बहिणीने लिहिलं, की आपण थोरलीचा आकडा ऐकून सांगितला, तेव्हा विचारायचं तर थोरलीला विचारा. त्या रात्री दोघी बहिणींनी वेगवेगळा स्वयंपाक केला.

नंदकुमारांना वाटलं, वाद मिटवायचा एकच मार्ग आहे. त्यांनी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याचा वजनकाटा आणला आणि संध्याकाळी पाच ते सहा फाटकाजवळ मांडून उभे राहिले, "केवळ शास्त्रासाठी" म्हणून. त्या तासात फाटकाकडे कोणी फिरकलं नाही. मास्तरीणबाई भाजीला निघाल्या त्या मागच्या भिंतीच्या खिंडारातून, कचऱ्याच्या डब्यांच्या मधून. प्रेमाबाईंच्या यजमानांना काट्याशी काही देणंघेणं नव्हतं, तरी तेही बायकोच्या सांगण्यावरून मागूनच आले. मंगळवारचं भजन रद्द झालं. सोसायटी वसली तेव्हा विहिरीचं पाणी आटून टँकर यायचे, बायका हंडे घेऊन रांगेत भांडायच्या, पण त्या भांडणातसुद्धा भजन कधी रद्द झालं नव्हतं.

आणि गाडी उभीच होती. फरक सापडल्याशिवाय कोणती चकती बरोबर ते ठरत नाही, आणि चकती ठरल्याशिवाय निघता येत नाही, असं नंदकुमारांचं म्हणणं होतं. भडंग मऊ पडलं. काशीरामचा पुन्हा फोन आला.

"दुसरी तोडणी झाली गो. आता फकत इहिरीकडचो आंबो रवलो. तुझ्यासाठी ठेवलंय. पण माकडांका काय ठावक, तो तुझो म्हणान?"

विहिरीकडचा आंबा म्हणजे पद्मजाबाईंच्या जन्माच्या वर्षी लावलेलं झाड. त्यांनी फोन ठेवला, पदर खोचला आणि जिना उतरून थेट सुगंधाबाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत रेवती सोडून मंडळाच्या बाकीच्या पाचही जणी जमल्या होत्या.

"मी सांगायला आलेय," पद्मजाबाई म्हणाल्या. "तो फरक माझा आहे."

"किती?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"सगळा."

सुगंधाबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत आणि परत पायापर्यंत पाहिलं. "पद्मजा, म्हणजे तू एकशेनव्वद किलो?"

"आमच्या घराण्यात हाड जड आहे."

खोलीत कोणी हसलं नाही. प्रेमाबाईंनी सावकाश मान हलवली. "कोकणातली हाडं जडच असतात गं." "खोबरं खाऊन," थोरली बहीण म्हणाली. "हो ना, खोबरं खाऊनच," धाकटी म्हणाली, आणि दोघी आठवड्याने पहिल्यांदा एकमेकींशी बोलल्या. मास्तरीणबाईंनी उठून पद्मजाबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. एवढं खोटं एवढ्या लोकांनी इतक्या कृतज्ञतेने मानून घेतलेलं मैत्रेयी सोसायटीत कोणी पाहिलं नव्हतं.

घरी येऊन पद्मजाबाई नंदकुमारांसमोर बसल्या.

"वही काढा. पद्मजा, एकशेनव्वद. लिहा."

"अगं, हे शक्य नाही. चूक आहे हे."

"मी सांगतेय माझं वजन. बाकीच्यांनी सांगितलं ते तुम्ही लिहिलंत ना? मग माझंही लिहा. आणि पहाटे निघायचंय, नाहीतर मी एसटीने जाते आणि झाडाखाली एकटी बसते."

नंदकुमारांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. पेन्सिल हातात घेतली. छत्तीस वर्षांत कोणत्याही जमीनदाराच्या, सरपंचाच्या किंवा साहेबाच्या सांगण्यावरून त्यांनी खोटा आकडा लिहिला नव्हता. त्यांनी एकशेनव्वद लिहिलं आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना गाडी कुडाळच्या बागेत शिरली. पद्मजाबाई केबिनमधून उतरल्या त्या कोणाला न भेटता विहिरीकडे गेल्या. माकडांनी एक फांदी साफ केली होती, बाकीचं झाड लगडलेलं होतं. खाली पडलेला एक आंबा त्यांनी पदराला पुसला, देठाचा चीक काढला आणि बुंध्याला टेकून चोखायला बसल्या. गुडघे दुखत होते की नाही ते त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

इकडे काशीरामच्या गड्यांनी हौद्यात केबिनच्या बाजूने वीस पेट्या रचल्या. नंदकुमारांनी टेप लावली. अर्धा इंच खाली. त्यांनी निःश्वास टाकला आणि पाणसळ घेऊन मागच्या मोकळ्या जागेत चढले. पाणसळ ठेवली. बुडबुडा सरकत आला आणि रेषेला टेकला.

"काशीराम, आली की. जवळजवळ सरळ आली."

खाली उतरून त्यांनी टेप लावली. अर्धा इंच. पुन्हा वर चढले, बुडबुडा रेषेला टेकला. पुन्हा उतरले. अर्धा इंच. तिसऱ्यांदा चढायला लागले तेव्हा गडी काम थांबवून बघत होते.

"भावोजी," काशीराम म्हणाला, "तुमी वर गेलात की गाडी सरळ, खाली इलात की वाकडी. देवाक विचारूक होया काय?"

नंदकुमार एक पाय हौद्यात आणि एक पाय हवेत असे थांबले. मग अगदी हळू पाय खाली घेतला आणि विहिरीकडे चालत गेले.

"पद्मा, त्या मंगळवारी तुम्ही गाडीत बसलात, तेव्हा मी कुठे होतो?"

पद्मजाबाईंच्या कोपरापर्यंत रस ओघळला होता. "आमच्या मधोमध. सुगंधाच्या पदरावर पाय देऊन. ती दोनदा म्हणाली, भाऊजी सरका."

बागेत पेट्या जोखायचा काटा होता. नंदकुमार चपला काढून त्याच्यावर उभे राहिले. अठ्ठ्याऐंशी. त्यांनी वही उघडली, सव्वाशेतून अठ्ठ्याऐंशी वजा केले आणि पेन्सिल ओठांवर ठेवून उभे राहिले.

"सदतीस उरतात," ते म्हणाले. "सदतीस भागिले सात..."

"अहो," पद्मजाबाई झाडाखालून म्हणाल्या.

त्यांनी भागाकार केला नाही. फोन काढला आणि ग्रुपवर सावकाश, एकेक अक्षर शोधत लिहिलं: सर्व भगिनींना नम्र निवेदन. मोजणीच्या वेळी मी स्वतः गाडीत उभा होतो, हे लक्षात घेतलं गेलं नाही. सव्वाशे किलोंचा संपूर्ण फरक माझ्या एकट्याच्या वजनाचा आहे. भगिनींनी सांगितलेले सर्व आकडे अचूक होते. पद्मजाचे वजन पासष्टच आहे. क्षमस्व.

पद्मजाबाईंनी चिकट बोटांनी तो निरोप दोनदा वाचला. "सव्वाशे?" त्यांनी विचारलं.

"लिहून गेलंय आता."

उत्तरं लगेच यायला लागली. रागाचं एकही नव्हतं. सुगंधाबाईंनी लिहिलं, "भाऊजी, सव्वाशे म्हणजे फारच झालं. रोज सकाळी दुधीचा रस घ्या, मीठ न घालता." प्रेमाबाईंनी रात्रीचा भात बंद करायला सांगितलं. थोरल्या बहिणीने मेथीचं पाणी सुचवलं, धाकटीने मेथी उष्ण पडते म्हणून जिऱ्याचं. मास्तरीणबाईंनी सूर्यनमस्कारांचं वेळापत्रक पाठवलं आणि खाली लिहिलं, की परत आल्यावर भजनी मंडळ त्यांना रोज पहाटे चालायला नेणार आहे, सात जणींच्या पाळ्या लागल्या आहेत.

"काय उत्तर देऊ यांना?" नंदकुमारांनी विचारलं. त्यांचा चेहरा, पंचवीस वर्षांचे असताना पहिल्यांदा ह्या बागेत सोयरीक ठरवायला आले होते तेव्हा होता, तसा भांबावलेला झाला होता.

पद्मजाबाईंनी त्यांना शेजारी जागा करून दिली. वही त्यांच्या हातातून काढून घेऊन मुळावर ठेवली आणि त्या जागी एक आंबा ठेवला.

"आधी हा खा," त्या म्हणाल्या. "मोजू नका, नुसता खा."

त्यांनी सहा खाल्ले असं काशीराम अजून सांगतो. वहीत त्या दिवसाची नोंद नाही.